कोणता रॉड, या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या उन्हाळ्यात आठवडाभर अलास्काला जाणार आहात, ट्राउट पकडण्याची सवय आहे, आता एकदा तरी सॅमन गळाला लावायचाय, तर रॉड, म्हणजे गळाची काठी, कोणता घ्यावा आणि आमिष कोणतं? शेवटी जाता जाता म्हणालात, ‘सॅमन काय, सगळे सारखेच असणार.’

घोळ त्या शेवटच्या वाक्यातच आहे. सॅमन हा एक मासा नाही. पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावर त्याच्या पाच जाती येतात: चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. जपानच्या बाजूला मासू नावाची आणखी एक. अटलांटिकमधला सॅमन तर वेगळ्याच वंशातला, ब्राउन ट्राउटचा जवळचा भाऊबंद. या पाचही जणांची नदीत येण्याची वेळ वेगळी, पाण्यातली वाट वेगळी आणि गळाकडे बघण्याची तऱ्हाही वेगळी. मी बावीस वर्षं अलास्का आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या पाण्यावर काढली, त्यातली नऊ वर्षं लोकांना बोटीतून मासेमारीला नेण्यात. रिकाम्या हाताने परतलेल्यांचा रॉड चुकीचा होता असं फार थोड्या वेळा दिसलं. चुकलेला असतो तो आठवडा, नाहीतर उभं राहण्याची जागा.

आधी एक विचित्र गोष्ट पचवावी लागते. अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन जेवत नाही. त्याचं पोट आकसून जातं आणि पुढचा सगळा प्रवास साठवलेल्या चरबीवर आणि शेवटी स्वतःच्या मांसावर होतो. पॅसिफिकचे हे पाचही सॅमन अंडी घालून झाली की मरतात, म्हणजे परतीच्या वाटेसाठी काही राखून ठेवायचा प्रश्नच नाही. ट्राउटला तुम्ही भुकेवर पकडता. इथे भूकच नाही. मग नदीतला सॅमन गळ तोंडात घेतो कशासाठी? चिडून, जुन्या सवयीने, आपल्या जागेत कुणी घुसलं म्हणून. आणि एक जात तर बहुतेक वेळा घेतच नाही, तरी लाखोंनी पकडली जाते. तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या आठवड्यात तीच भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

सॉकाय. अलास्कात त्याला ‘रेड’ म्हणतात. समुद्रात असताना हा मुख्यतः पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो. त्याच्या कल्ल्यांच्या आतल्या बाजूला गाळणीसारखे लांब, दाट काटे असतात, ते यासाठीच. लहानपणी हा बहुतेक ठिकाणी तळ्यात वाढतो, म्हणून ज्या नदीच्या वरच्या अंगाला तळं आहे तिथेच त्याच्या मोठ्या झुंडी येतात. अलास्काच्या ब्रिस्टल बे या उपसागराच्या नद्यांमध्ये २०२२ साली सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. हा तिथला विक्रम. मासा मध्यम, दोन ते साडेतीन किलोचा, पण मांस सगळ्यांत लाल आणि झुंज वजनाच्या मानाने भलतीच.

ज्याने आयुष्यभर बारीक जीव गाळून खाल्ले आणि आता तेही सोडलंय, तो तुमच्या चमच्यासारख्या चकाकत्या आमिषामागे का धावेल? धावत नाही. म्हणून अलास्कातल्या कीनाय नदीवर लोक जे करतात त्याला तिथे ‘फ्लिपिंग’ म्हणतात. गळाच्या वर हातभर अंतरावर, कधी त्याहूनही जास्त, शिसं बांधायचं, पाच-सहा मीटर दोरी सोडायची, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची आणि शिसं तळावर टकटक करत खाली वाहू द्यायचं. सॉकाय श्वास घेताना तोंडाची उघडझाप करत वर चाललेला असतो. दोरी त्याच्या उघड्या जबड्यातून सरकते आणि मागून आलेला गळ बाहेरच्या बाजूने ओठाच्या कोपऱ्यात बसतो. माशाने काही खाल्लेलं नसतं. याला मासेमारी म्हणायचं की दोरीने मासा ओवणं, यावर नदीकाठी भरपूर भांडणं झाली आहेत. माझं मत विचाराल तर ही जेवणाची सोय आहे, खेळ नाही. पण सोय उत्तम आहे आणि नियमात बसते, अट एकच: गळ तोंडातच लागलेला हवा. पोटात, पाठीत, शेपटीत लागला तर गोड्या पाण्यातला तो मासा सोडून द्यावा लागतो, कितीही सुंदर असो.

आणि हे लक्षात ठेवा. सॉकाय काठाच्या अगदी जवळून चालतो. मुख्य प्रवाहाशी झुंजण्यात ताकद घालवण्यापेक्षा तो गुडघाभर, मांडीभर पाण्यातली संथ वाट धरतो. नवखा माणूस नवे वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, घातलेत म्हणून कमरेपर्यंत आत जातो आणि मासे त्याच्या पाठीमागून निघून जातात. मी बोटीतून लोकांना काठावर उतरवायचो तेव्हा पहिलं वाक्य हेच असायचं: पायाचे घोटे भिजले की थांबा. कीनायचं पाणी हिमनदीच्या गाळामुळे निळसर दुधी दिसतं, मासे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे माणसाचा विश्वासच बसत नाही.

डोळ्यांवरून आठवलं. शिसं तळावर अडकलं की लोक रॉडला हिसका देतात, आणि सुटलेलं शिसं गोळीसारखं तोंडावर येतं. चष्मा घातल्याशिवाय या नदीवर पाऊल टाकू नका, ढग असले तरी. एका माणसाच्या पापणीतून गळ काढताना मी दिवा धरून उभा होतो. तो दिवस मी विसरलेलो नाही.

आता चिनूक, म्हणजे ‘किंग’. सगळ्यांना हाच हवा असतो. १७ मे १९८५ रोजी लेस अँडरसन यांनी कीनाय नदीत ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे ४४ किलोंचा चिनूक पकडला. रॉडवर पकडलेल्या सॅमनचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. तो मासा वजन करण्याआधी कित्येक तास तसाच पडून होता. तेवढ्या वेळात पाणी सुकून वजन घटलं नसतं तर शंभरी गाठली असती, असं तिथली जुनी माणसं आजही हळहळत सांगतात.

ही गोष्ट ऐकून लोक कीनायला किंगसाठी येतात, आणि मला त्यांना सांगावं लागतं की ती कीनाय आता राहिली नाही. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही हंगामांत त्या नदीत किंगच्या मासेमारीला बंदी होती. युकॉन नदीवर तर अमेरिका आणि कॅनडा यांनी २०२४ साली सात वर्षांसाठी चिनूक पकडणं थांबवण्याचा करार केला. सात वर्षं का, तर साधारण एका चिनूकचं पूर्ण आयुष्यचक्र तेवढं. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात २०२३ आणि २०२४ मध्ये सॅमन पकडायला बंदी होती. मासे कमी येताहेत, आणि येतात तेही पूर्वीपेक्षा लहान आणि कमी वयाचे. समुद्र तापणं, नद्यांचं पाणी तापणं, धरणं, समुद्रातली मासेमारी, अशी कारणांची यादी लांब आहे आणि प्रत्येक नदीत तिचा क्रम वेगळा. चांगली बातमीही आहे: ओरेगन-कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडण्याचं काम २०२४ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच शरद ऋतूत चिनूक त्या जागा ओलांडून वर गेलेले दिसले. शंभर वर्षांहून अधिक काळ त्या वाटेने एकही गेला नव्हता.

तेव्हा किंग हवाच असेल तर समुद्रात जा, दक्षिण-पूर्व अलास्काच्या किंवा ब्रिटिश कोलंबियाच्या खाड्यांमध्ये, आणि त्या वर्षीचा नियम आधी वाचून. समुद्रात चित्र उलटं असतं. इथे तो भुकेला असतो, हेरिंग या छोट्या रुपेरी माशांच्या थव्यांमागे असतो, आणि आमिष खरोखर खातो. बोट सावकाश चालवत डाउनरिगरला, म्हणजे दोरी खोल नेणाऱ्या बोटीवरच्या चरखीला, चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा लावून दोरी हवी तेवढी खोल नेतात. पुढे चकाकत गिरक्या घेणारी पट्टी, तिला फ्लॅशर म्हणतात, आणि तिच्यामागे डोकं तिरकं कापलेली हेरिंग. कापाचा कोन बरोबर जमला की हेरिंग जखमी माशासारखी गोल फिरते. जमला नाही तर नुसती लोंबकळत ओढली जाते आणि दिवसभर काही लागत नाही. मला तो काप जमायला दोन हंगाम लागले. पाण्यात सोडण्यापूर्वी बोटीशेजारी फिरवून बघा, सुंदर फिरली तरच खाली सोडा. पहाटे मासा वरच्या थरात असतो, ऊन चढलं की चाळीस-पन्नास मीटरपर्यंत उतरतो. लागला की उड्या मारत बसत नाही, डोकं हलवत तळाकडे जातो. रॉडच्या टोकाला ते जड ठोके जाणवले की समजायचं, किंग आहे.

कोहो, म्हणजे ‘सिल्व्हर’, हा माझा आवडता. तुमच्यासारख्या ट्राउटवाल्याला नदीत खरा आनंद देईल तर हाच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो, तीन ते पाच किलोंचा. नदीत शिरल्यावरही याची खोडी जात नाही, समोरून काही चमकत गेलं की पाठलाग करतो. मुख्य धारेत नसतो. वळणाच्या आतल्या बाजूला, पडलेल्या झाडाखाली, उपनदी मिळते तिथल्या स्तब्ध पाण्यात टोळीने उभा असतो. पहाटेच्या पहिल्या तासात पाण्यावर त्यांच्या पाठी फुगून येताना दिसतात. त्या टोळीच्या पलीकडे स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं आमिष, टाका आणि पातं जेमतेम फिरेल इतक्या संथ ओढा. गुलाबी रंग का चालतो हे मला कुणी नीट समजावून दिलेलं नाही, पण चालतो. दोनदा पाठलाग करून वळला तर तेच तेच टाकत बसू नका, रंग बदला, आकार लहान करा, किंवा जिग, म्हणजे जड डोक्याचं आमिष, टाकून रॉडच्या टोकाला झटके देत खालीवर नाचवा. पडता पडताच घेतो, म्हणून दोरी ढिली सोडू नका. ऊन पाण्यावर आलं की पुष्कळदा सगळं थांबतं, अगदी दिवा विझवल्यासारखं. मग फ्लोटखाली, म्हणजे तरंगत्या बोंडाखाली, मिठात मुरवलेली सॅमनची गाभोळी सोडायची. वासावर उरलेसुरले येतात. पण काही नद्यांवर काही काळ आमिष लावायलाच बंदी असते, तेवढं पाहून घ्या.

वासाचा विषय या माशाच्या बाबतीत थट्टेवारी न्यायचा नाही. सॅमन आपली जन्माची नदी शेवटच्या टप्प्यात वासाने ओळखतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्थर हॅस्लर यांनी ही कल्पना १९५० च्या दशकात मांडली. पुढे त्यांच्या गटाने कोहोची पिल्लं मॉर्फोलिन नावाच्या रसायनाचा अंश असलेल्या पाण्यात वाढवली, मिशिगन सरोवरात सोडली, आणि मोठे झालेले मासे ज्या ओढ्यात मॉर्फोलिन टाकलं होतं तिथेच परत आले. ब्रिटिश कोलंबियातल्या दुसऱ्या एका जुन्या प्रयोगात माणसाचे हात धुतलेलं पाणी वरच्या बाजूने सोडलं तर चढणारे सॅमन काही वेळ थबकत, असं दिसलं. अस्वलाच्या पंजाचं पाणीही तसंच. तेव्हा हाताला डास पळवायचं मलम लावून त्याच हाताने गाभोळी बांधू नका. मी अजूनही गळाला हात लावण्यापूर्वी वास नसलेल्या साबणाने हात धुतो, मग बोटीतले लोक हसले तरी चालेल.

उरलेले दोघे. पिंक हा सगळ्यात छोटा, दीड-दोन किलोंचा. बरोबर दोन वर्षांचं आयुष्य, त्यामुळे सम वर्षांचे आणि विषम वर्षांचे मासे एकमेकांत कधी मिसळतच नाहीत. कीनायमध्ये त्यांची गर्दी सम वर्षी होते, वॉशिंग्टनच्या प्युजेट साउंड खाडीत आणि ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर नदीत विषम वर्षी. नराच्या पाठीवर विणीच्या काळात मोठं कुबड येतं, म्हणून नाव ‘हंपी’. लहान मुलं बरोबर असतील तर पिंकसारखा मासा नाही, काहीही टाका, घेतो. चमला स्थानिक लोक ‘डॉग’ म्हणतात आणि नाकं मुरडतात, मांस फिकट म्हणून. पण चार-पाच किलोंचा ताजा चम हलक्या रॉडवर लागला की नाकं मुरडणाऱ्यांचे हात भरून येताना मी पाहिले आहेत.

नावं लक्षात ठेवायची इंग्रजी बोलणाऱ्यांची एक युक्ती आहे, हाताच्या पाच बोटांवर. अंगठा म्हणजे ‘थंब’, त्याच्याशी यमक जुळतं ते चम. तर्जनी डोळ्यात जाईल, म्हणून सॉकाय, त्यातला ‘आय’ म्हणजे डोळा. मधलं बोट सगळ्यात मोठं, तो किंग. अनामिकेत चांदीची अंगठी, तो सिल्व्हर. करंगळीला ते ‘पिंकी’ म्हणतात, तो पिंक. गंमत अशी की सॉकायचा डोळ्याशी काही संबंध नाही. किनाऱ्यावरच्या सॅलिश लोकांच्या हाल्कोमेलेम भाषेतल्या नावाचा तो गोऱ्यांच्या तोंडी झालेला अपभ्रंश आहे.

नाव आठवणं वेगळं आणि हातातला मासा ओळखणं वेगळं. माझ्या दुसऱ्या वर्षी एका नदीवर कोहो ठेवायला परवानगी होती आणि चिनूक सोडायचा होता. संध्याकाळ, पाऊस, साडेतीन किलोंचा चकचकीत मासा. कोहो समजून मी त्याच्या डोक्यात सोटा घातला. परवाना तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने काहीही न बोलता माशाचं तोंड उघडून बॅटरी मारली. हिरड्या काळ्या होत्या. लहान वयात परतलेला चिनूक होता तो. दंड झाला, मासा जप्त झाला, आणि ते योग्यच झालं.

म्हणून मासा पाण्यात असतानाच तोंड बघा. दात जिथून निघतात ती हिरडीची कड काळी असेल तर चिनूक, पांढुरकी असेल तर कोहो. मग शेपूट: चिनूकच्या शेपटीवर वर-खाली दोन्ही भागांत काळे ठिपके, कोहोच्या फक्त वरच्या भागात. पिंकच्या पाठीवर आणि सगळ्या शेपटीवर मोठे लांबट ठिपके, खवले अगदी बारीक. सॉकाय आणि चम यांना असे ठळक ठिपके नसतातच. या दोघांत घोटाळा झाला तर शेपटीच्या बुडाशी बघा, चमचं ते बूड जास्त चिंचोळं असतं. नदीत थोडे दिवस काढल्यावर तर ओळख आपोआप पटते: सॉकायचं अंग लाल आणि डोकं हिरवं होतं, चम माशाच्या कुशीवर वाघासारखे जांभळे-हिरवे पट्टे येतात. पण तोवर मांसाची चव गेलेली असते. ठेवायचा मासा रुपेरी हवा. अंगावर समुद्री उवा चिकटलेल्या दिसल्या तर घाण वाटून घेऊ नका. गोड्या पाण्यात त्या थोड्या दिवसांत गळून पडतात, म्हणजे हा मासा नुकताच समुद्रातून आलाय.

वॉशिंग्टन किंवा ब्रिटिश कोलंबियाला गेलात तर आणखी एक खूण पाहावी लागेल. पाठीवर शेपटीच्या आधी एक छोटा मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो कापून सोडतात. पर नसेल तर केंद्रातला, असेल तर बहुधा जंगली, आणि पुष्कळ ठिकाणी जंगली मासा सोडावाच लागतो. ब्रिटिश कोलंबियात सॅमनसाठी उलटा काटा नसलेलाच गळ लागतो. अलास्कात सक्ती नसली तरी मी पकडीने काटा दाबून टाकतो. मासे त्यामुळे निसटतात ही समजूत मला पटलेली नाही. दोरी ताणलेली ठेवली तर निसटत नाहीत.

अलास्काच्या नियमांबद्दल एवढंच सांगतो की छापील पुस्तिका पुरेशी नाही. तिथलं मत्स्य खातं मोठ्या नद्यांमध्ये ‘सोनार’ या ध्वनिलहरींच्या यंत्राने वर जाणारे मासे मोजतं, रोजचे आकडे जाहीर करतं, आणि त्यावरून हंगामाच्या मध्येच तातडीचे आदेश काढून मर्यादा वाढवतं, कमी करतं किंवा नदी बंद करतं. निघायच्या सकाळी आदेश वाचायचा. बाहेरून आलेल्यांना १६ वर्षांपासून परवाना लागतो, किंगसाठी वेगळा शिक्का. जुलैत कीनायच्या मुखाशी लोक लांब दांड्याच्या अवाढव्य जाळ्यांनी एकेका दमात सॉकाय काढताना दिसतील. तो हक्क फक्त अलास्काच्या रहिवाशांचा आहे. कुणी प्रेमाने ‘धरा जरा’ म्हणून दांडा पुढे केला तरी हात लावू नका.

अटलांटिकचं दोनच शब्दांत उरकतो, तुमचा रस्ता तो नाही म्हणून. तो सगळाच मरत नाही, काही मासे अंडी घालून समुद्रात परततात आणि पुन्हा येतात. स्कॉटलंडच्या टे नदीत जॉर्जिना बॅलंटाइन यांनी ७ ऑक्टोबर १९२२ ला पकडलेला ६४ पौंडांचा सॅमन अजूनही ब्रिटनचा विक्रम आहे. माशीसारख्या कृत्रिम आमिषाने, लांब दुहाती रॉडने, एकाच तळीवर तासन्‌तास, आणि रविवारी स्कॉटलंडमध्ये अजिबात नाही. दिवसांमागून दिवस काहीही न लागता काढायची तयारी लागते. ब्रिटनमधला हा मासा २०२३ च्या अखेरीस संकटग्रस्त ठरवला गेला, आणि नॉर्वेने २०२४ च्या जूनमध्ये ऐन हंगामात ३३ नद्या बंद केल्या. पहिला सॅमन तिथे शोधू नये.

आता रॉड. सॉकाय आणि कोहो दोन्हींना ‘आठ वजनाचा’ (हा ताकदीचा क्रमांक, किलो नव्हे) फ्लाय रॉड, म्हणजे माशीसारखं हलकं आमिष टाकायचा, चालतो. फ्लाय नको असेल तर साडेआठ-नऊ फुटांचा मध्यम-जड स्पिनिंग रॉड. पाच पौंडांच्या ट्राउटसाठी घेतलेला नाजूक रॉड घरी ठेवा. सॉकायची पहिली धाव त्याला झेपणार नाही, आणि गर्दीच्या काठावर एक मासा चाळीस मीटर खाली गेला की तुमच्या खालच्या सगळ्यांचे गळ गोळा करून आणतो. कोहोला १५ ते २० पौंडांची दोरी पुरते, गर्दीतल्या सॉकायला ३० ची घ्या. ड्रॅग, म्हणजे दोरीच्या चाकाचा ब्रेक, घरीच तराजूला दोरी बांधून तपासा, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. मासा धावत असताना ड्रॅग आवळायची ऊर्मी येते, ती दाबा. सुटलेल्या माशांपैकी निम्मे तरी मी त्या क्षणी गेलेले पाहिलेत. रॉड आकाशाकडे उभा धरू नका, प्रवाहाच्या खालच्या बाजूला आडवा झुकवा, म्हणजे माशाचं डोकं वळतं आणि तो काठाकडे येतो.

ठेवायचा असेल तर लगेच मारा, कल्ला कापून रक्त वाहू द्या आणि बर्फात घाला. दोरीत ओवून दिवसभर कोमट उथळ पाण्यात ठेवलेला सॉकाय संध्याकाळी पिठूळ होतो. कच्चा खायचा मोह असेल तर आधी उणे २० अंशांवर सात दिवस गोठवा. यात जंत असतात, आणि ताजेपणाने ते मरत नाहीत. सोडायचा असेल तर पाण्याबाहेर काढूच नका. फोटो हवाच असेल तर मासा अर्धा पाण्यात ठेवून घ्या. पाणी २० अंशांजवळ पोहोचलं असेल तर सोडलेला मासाही पुढे जाऊन मरण्याची भीती असते. त्या दिवशी मी मासेमारीच करत नाही.

अस्वलांचं ऐकून घाबरला असाल तर थोडं घाबरणं बरं. तुम्ही जिथे सॅमन शोधता तिथे तेही शोधतात, आणि पाण्यात फडफडणाऱ्या माशाचा आवाज त्यांना जेवणाच्या घंटेसारखा ऐकू येतो. अस्वल येताना दिसलं आणि मासा गळाला असला तर दोरी तोडा, लगेच. एकदा का मासेवाल्या माणसाकडून मासा मिळतो हे अस्वलाला कळलं की पुढचा माणूस अडचणीत येतो, आणि शेवटी ते अस्वलही. पकडलेले मासे आणि पिशवी हाताच्या अंतरावर ठेवा, अस्वल पळवायचा फवारा पट्ट्यात, पिशवीत नाही. वेडरच्या कमरेला पट्टा घट्ट बांधा. हिमनदीच्या पाण्यात पाय निसटला तर वेडरमध्ये पाणी भरायला वेळ लागत नाही.

तारीख अजून ठरली नसेल तर दोनच पर्याय देतो. जुलैचा तिसरा-चौथा आठवडा धरलात तर कीनाय, सॉकाय, खांद्याला खांदा लागेल इतकी गर्दी आणि बहुधा भरलेला बर्फाचा डबा. ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरची सुरुवात धरलीत तर कोहो, पाऊस, थोडी माणसं, आणि पहाटे पाचला धुक्यात पाण्याबाहेर फुगून येणाऱ्या पाठी. मासे कमी लागतील. मी स्वतःच्या सुट्टीसाठी दरवर्षी यातला दुसरा पर्यायच घेतो.